रैनूच्या चढावर पहिला गिअर

मी नागपुरात बायकांना गाडी चालवायला शिकवते. अकरा वर्षं झाली. त्यामुळे गाडीबद्दल दुसऱ्या कोणी शहाणपण शिकवलेलं मला खपत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर या प्रवासात माझी जी जिरली, तिची मजा तुम्हाला कळायची नाही. मजा म्हणतेय खरी, पण हे लिहितानाही मी खोलीतला दिवा लावून बसले आहे, भर दुपारी.

मार्चच्या सुरुवातीला नवी गाडी घेतली. छोटं एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, एकशे अठरा हॉर्सपॉवर. लोक नवी गाडी आधी देवळात नेतात. आम्ही बौद्ध, आमच्या घरी ती भानगड नाही, म्हणून मी ती सरळ वरोऱ्याला बाबांना दाखवायला नेली. बाबा माझ्या भाऊ-वहिनीजवळ राहतात, वय बहात्तर. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायर अंगठ्याने दाबून पाहिला.

"बाबा, एकशे अठरा घोडे आहेत हिच्यात," मी म्हटलं.

"पयल्या गिअरात कशी चढते?"

"पहिल्यात कोण चढवतं आता? दुसऱ्यात सुसाट जाते."

मी हसले. ते हसले नाहीत. चहा झाल्यावर, वहिनी आत गेलेली पाहून, हळूच म्हणाले, "मले एकदा आलापल्लीच्या पुढं नेशीन काय?"

आता यामागचं सांगायला हवं. मी दहा वर्षांची होईपर्यंत बाबा गडचिरोलीच्या जंगलात एका ठेकेदाराचा बांबूचा ट्रक चालवायचे. गाडीवर बांबू भरून घेणारा मुकादम होता रैनू, माडिया आदिवासी, बाबांच्याच वयाचा. दोघांची चांगली दोस्ती. एका चढावर भरलेला ट्रक मागे आला आणि रैनू त्याखाली सापडला. आमच्या घरात या गोष्टीचं एकच वाक्य होतं, "गिअर सुटला". पंचनाम्यातही तेच लिहिलं गेलं. बाबा घरी आले, लायसन्स पेटीत टाकलं आणि जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजायच्या कामाला लागले. एकतीस वर्षांत त्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही, आणि त्या बाजूला ते गेलेलेही नाहीत.

यंदा वरोऱ्याच्या बाजारात त्या वेळचा एक मजूर त्यांना भेटला. त्याने सांगितलं की रैनूची बायको अजून आहे, पण फार थकली आहे. तेव्हापासून बाबांच्या डोक्यात एकच. तिला भेटायचं आणि काहीतरी सांगायचं.

"काय सांगायचं?" मी विचारलं.

"ते तिलेच सांगीन."

दिवस पहिला: वरोरा ते आलापल्ली

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. तुम्ही जाणार असाल तर सकाळी सहालाच निघा, अकरानंतर ऊन भाजून काढतं. वरोऱ्यापासून चंद्रपूरपर्यंत रस्ता रुंद, गुळगुळीत. इथे माझ्या गाडीने मला अगदी खूश केलं. एकामागून एक ट्रक मागे टाकत होते. बाबा मात्र एक हात डॅशबोर्डवर रोवून बसले होते, जणू गाडी त्या हाताच्या जोरावर थांबणार होती.

या टप्प्यावर जरा शिकवणी घेते, कारण पुढचं सगळं हिच्यावरच आहे. मला रोज कोणीतरी विचारतं, ताई, हॉर्सपॉवर जास्त असलेली गाडी घेऊ की टॉर्क जास्त असलेली? साधं सांगते. चाकाचा घट्ट बसलेला नट सोडवताना पान्ह्यावर जो जोर लावता, तो टॉर्क. तो जोर तुम्ही किती झपाट्याने लावत राहू शकता, ती हॉर्सपॉवर. मोकळ्या रस्त्यावर ट्रक ओलांडायला हॉर्सपॉवर कामी येते, कारण तिथे इंजिन गरगर फिरतं. चढावर, सिग्नलवर, भरल्या गाडीला जागचं हलवायला टॉर्क लागतो. आणि गिअर हा दोघांतला दलाल. पहिला गिअर तुमचा वेग काढून घेतो आणि त्या बदल्यात चाकाला भरपूर जोर देतो. दुसऱ्यात वेग वाढतो, पण चाकाला मिळणारा जोर जवळपास निम्मा होतो. एकशे अठरा घोडे आहेत असं कंपनी सांगते, ते इंजिन मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्या घेत असताना. हजार फेऱ्यांवर त्यातले बहुतेक घोडे झोपलेले असतात. हे सगळं मी फळ्यावर आकृती काढून शिकवते, हे लक्षात ठेवा.

चंद्रपुरात तर्री पोहे खाल्ले. तर्री इतकी तिखट की बाबांच्याही डोळ्यांत पाणी आलं. पेट्रोल इथेच भरून घ्या, पुढे पंप आहेत पण भरवसा धरू नका. बल्लारपूर सोडलं, कोठारी आलं, आणि जंगल रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जवळ सरकलं. सागाची पानं गळून गेलेली, झाडं उघडीबोडकी. मोहाचे दिवस होते. लोक मोहाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात म्हणजे फुलं वेचायला सोपी पडतात. त्यामुळे सगळीकडे निळसर धूर जमिनीलगत तरंगत होता. गाडीच्या काचा लावल्या तरी तो गोडसर, आंबूस वास आत आला.

गोंडपिपरीच्या पुढे एका जागी पाय मोकळे करायला थांबले. रस्त्यापासून वीस पावलांवर मोहाची चार-पाच झाडं, आणि प्रत्येकाखाली टोपली ठेवलेली. टोपल्या अर्ध्या भरलेल्या. एका टोपलीशेजारी चपलांचा जोड. माणूस मात्र एकही नाही. मी हाक मारली, कोणी ओ दिली नाही. वारा नव्हता, तरी पाचोळा वाजत होता, थांबून थांबून, जसं कोणी पाऊल टाकतं आणि आपल्याकडे पाहत उभं राहतं.

"चाल, बस गाडीत," बाबा आतूनच म्हणाले.

"काऊन? वाघ आहे का?"

"असनही. चाल."

पण ते जंगलाकडे बघत नव्हते. मान वळवून मागच्या काचेतून आम्ही आलो त्या रस्त्याकडे बघत होते.

आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. तिथून पुढे रस्त्याची कामं, धूळ आणि अवजड ट्रक. वीसच्या वर वेग जात नाही, घाई करू नका. मुलचेऱ्याकडे जाणाऱ्या फाट्याजवळ एका बंगाली काकूंच्या टपरीवर गरम रसगुल्ले मिळाले. या जंगलात रसगुल्ले कुठून असं वाटेल, पण आजूबाजूला कितीतरी बंगाली गावं वसलेली आहेत. जरूर थांबा. बाबांनी एकही खाल्ला नाही.

संध्याकाळी आलापल्लीत एका साध्या लॉजवर उतरलो. खोली स्वच्छ, पंखा आवाज करणारा, पाणी बादलीत. खाली त्यांचीच खानावळ. जेवण वाढणाऱ्या बाई बोलक्या होत्या. आम्ही उद्या कुठे जाणार ते विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं. (इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे पाहायला काही नाही आणि त्या माणसांना पाहुण्यांचा त्रास नको.)

"मंग रैनूचा चढ लागन तुमाले," बाई म्हणाल्या. "खाली थांबून गोटा ठेवजा. पयला गिअर टाकजा. आन वरी पोचेपर्यंत गिअरले हात नोका लावजा."

"काऊन बाई?"

"त्याले दुसरा चालत नाई."

"कोणाले?"

"रैनूले. दुसऱ्यात घेतली का गाडी मांगं येते. सगळे डायव्हर पाळतेत. गोट्यांचा केवढा ढीग झाला हाये पाहा तिथी."

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी ताटात हात धुतला, जे ते कधी करत नाहीत, आणि उठून वर निघून गेले.

मी बसून राहिले. मी गिअर शिकवणारी बाई आहे. गिअर सुटणं म्हणजे यंत्राचा दोष आणि दुसऱ्यात चढ घेणं म्हणजे चालवणाऱ्याचा, हे मला कोणी समजवायला नको होतं. पण त्या क्षणी मला बाबांचा संशय आला नाही, राग आला तो त्या चढाचा. लोकांनी माझ्या बापाच्या अपघाताचं भूत बनवून रस्त्यावर बसवलं होतं. आमच्या घरात लहानपणापासून शिकवलंय की भूतखेत काही नसतं. मी ठरवलं, उद्या बाबांना शेजारी बसवून हा चढ दुसऱ्या गिअरमध्ये घ्यायचा, गोटा न ठेवता. एकदा त्यांच्या डोळ्यांसमोर गाडी वर गेली की एकतीस वर्षांचं हे ओझं उतरेल. मला अगदी खात्री होती. चांगल्या हेतूने केलेला गाढवपणा कसा दिसतो, ते आता वाचा.

दिवस दुसरा: चढ

सकाळी सातला निघालो. भामरागडच्या रस्त्याने काही अंतर गेल्यावर आत फाटा फुटतो. सरळ गेलं तर हेमलकसा. तिथला दवाखाना आणि शाळा पाहायला बरेच लोक येतात. आम्ही फाट्यावर वळलो. मोबाईलची रेंज तिथेच गेली. ओळखपत्र जवळ ठेवा, वाटेत पोलीस विचारतात. पाणी भरपूर घ्या. डांबर संपलं आणि तांबडा मुरूम सुरू झाला.

नाला कोरडा होता. नाल्यातून वर येताच समोर चढ. फार मोठा नाही, दोनशे पावलं असेल, पण खडा. मध्ये एक डावं वळण. पायथ्याला गोट्यांचा ढीग, माझ्या कमरेएवढा. काही गोटे शेवाळलेले, काही कालपरवाचे. ढिगावर मोहाची फुलं वाहिलेली. आजूबाजूला एक पक्षी बोलत नव्हता. मी काच खाली केली होती, तरी माझ्या स्वतःच्या इंजिनाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

"थांब," बाबा म्हणाले.

"नाई थांबत. बाबा, हा नुसता चढ आहे. पहा तुम्ही."

"पोरी, पयला टाक."

मी दुसरा टाकला आणि पाय दाबला. सुरुवातीला गाडी काय छान गेली! मी बाबांकडे पाहून हसलेसुद्धा. मग वळण आलं. वळणावर मुरूम सैल, चाक घसरायला लागलं म्हणून मला पाय उचलावाच लागला. वेग उतरला दहा-बारावर. मी पुन्हा पाय दाबला आणि काहीच झालं नाही. इंजिन थरथरायला लागलं. गाडी जड झाली, अशी जड की मागच्या सीटवर कोणी येऊन बसलं असावं. मी आरशात पाहिलंसुद्धा. लाज वाटते सांगायला, पण पाहिलं.

त्याचं कारण मी तुम्हाला आत्ता फळ्यावर काढून दाखवू शकते. दुसऱ्या गिअरमध्ये एवढ्या वेगाला इंजिनाच्या फेऱ्या हजाराच्या आसपास. टर्बो झोपलेला, घोडे झोपलेले, चाकाला जोर पोचत नाही. मग मी दुसरी चूक केली. क्लच दाबून पहिला टाकायला गेले. त्या एका क्षणात उरलासुरला वेग संपला, गिअर अडला, इंजिन बंद पडलं.

ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला. चारही चाकं थांबलेली, तरी सैल मुरुमावर गाडी बोटभर मागे सरकली. मग आणखी बोटभर. मागे वळण, वळणापलीकडे नाल्याचा खड्डा.

माझ्या शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. बाबा उतरले होते.

"बाबा! मागे जाऊ नका! बाबा!"

बहात्तर वर्षांचा माणूस, आणि मला उतरता येत नव्हतं, ब्रेकवरून पाय काढला तर गाडी त्यांच्या अंगावर. आरशात ते दिसेनात. म्हणून मी रिव्हर्स गिअर टाकला, म्हणजे मागचा कॅमेरा सुरू होतो. पडद्यावर डाव्या कोपऱ्यात बाबांची वाकलेली पाठ दिसली. ते डाव्या चाकामागे गोटा लावत होते. मागे काही आडवं आलं की वाजतो तो सेन्सरचा गजर वाजू लागला. डाव्या बाजूची पट्टी लाल झाली, ते बरोबर, बाबा तिथे होते. पण उजव्या बाजूची पट्टीही लाल झाली. पडद्यावर उजवीकडे नुसता रस्ता होता, तांबडा, रिकामा.

आणि मला बाबांचा आवाज ऐकू आला. रोजच्या बोलण्याचा, जरा वैतागलेला आवाज.

"सरक ना बाबू. मी लावतो म्हणलं ना. सरक तिकडं."

गाडी सरकायची थांबली.

"आता पयला टाक," बाबा ओरडले. "आन हात नको लावू मंग."

मी इंजिन सुरू केलं, पहिला टाकला, हळूहळू क्लच सोडला. गाडी गुरगुरत, मुंगीच्या पावलाने, पण एकदाही न अडखळता वर गेली. पहिल्या गिअरमध्ये कोणतीही गाडी तो चढ चढली असती. वर सपाटीवर गाडी लावून मी धावत खाली आले. बाबा वळणावर उभे होते, धोतराला हात पुसत.

रस्त्यावर दोन गोटे होते. डाव्या चाकाच्या जागी एक, नारळाएवढा. उजव्या चाकाच्या जागी दुसरा, चांगला मोठा, दोन्ही हातांनीच उचलावा लागेल असा.

"दोन्ही तुम्ही लावले?"

"नाई. मी एकच लावला."

"मग बोलत कोणाशी होते तुम्ही?"

"मी कुठी बोललो?" त्यांनी माझ्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्याने पाहिलं.

दुसरा गोटा आधीच्या कोणा गाडीवाल्याचा तिथे पडलेला असेल. असेलच. पण मागच्या बंपरचे सेन्सर गुडघ्याच्या उंचीवर असतात. जमिनीवरचा गोटा त्यांना कळत नाही, मग ते कशाला वाजत होते ते मला माहीत नाही. धूळ बसली तरी वाजतात कधी कधी. माझं हे स्वतःला खूपदा सांगून झालं आहे.

बाबा तिथेच रस्त्याच्या कडेला बसले आणि मला सांगू लागले. गिअर सुटला नव्हता. ट्रक नवा होता, आधीच्या डबड्यापेक्षा ताकदीचा, आणि त्यांना त्याचा फार तोरा होता. "पायथ्याशी रैनूनं दारावर थाप मारली. म्हणे, माल जास्त हाये, पयला टाक. मी हसलो त्याले. म्हणलं, ही गाडी दुसऱ्यात जाते, पाह्यत राय. इथी आली, या वळणावर, आन मेली. मी पयला शोधत राह्यलो, सापडला नाई. रैनू उडी टाकून मांगं गेला. भरल्या ट्रकाले एक गोटा काय करन?"

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी एकतीस वर्षांपूर्वी केलं तेच मी दहा मिनिटांपूर्वी, त्याच वळणावर, त्यांना मागे ठेवून केलं होतं.

तिथेच, दुपारी

गाव दहा-बारा घरांचं. अंगणाअंगणात मोह वाळत घातलेला. रैनूच्या घरी त्याची सून वनिता भेटली. गावची आशा सेविका, चटपटीत बाई. आम्ही कोण ते ऐकून तिने आत जाऊन दोन बाजा आणून टाकल्या, पाणी दिलं. सासू, सुकरीबाई, मांडवाखाली मोहाची फुलं निवडत बसली होती. केस पांढरे शुभ्र, हात मात्र भराभर चालत होते.

"आईले ऐकू येते," वनिता म्हणाली. "मराठी समजते थोडी, बोलत नाई. तुमी बोला, मी सांगते."

बाबा बाजेवर बसलेच नाहीत. उभ्यानेच, हात जोडून, म्हणाले, "बाई, मी तो डायव्हर. गिअर सुटला म्हणून मी खोटं सांगतलं. रैनूनं मले पयला टाक म्हणलं होतं. मी ऐकलं नाई. माह्या हातून गेला तो."

वनिताने माडियात सांगितलं. सुकरीबाईचे हात थांबले नाहीत. फुलं टोपलीत पडत राहिली. अंगणात कोंबडीसुद्धा आवाज करत नव्हती. मग ती बोलू लागली, खाली मान घालूनच, सावकाश, बराच वेळ. वनिताचा चेहरा बदलत गेला. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"ती म्हणते, तो संध्याकाळवरी जिता होता."

"जिता?" बाबा एक पाऊल पुढे आले. "मले तर जागेवरच गेला म्हणून सांगतलं. मले दुसऱ्या गाडीत टाकून घेऊन गेले."

"घरी आणलं होतं म्हणते. याच मांडवात. बोलत होता. तुमच्यासाठी निरोप देऊन गेला." वनिताने सासूला काहीतरी विचारून खात्री करून घेतली. "डायव्हर येईन, त्याले सांगजो. गोटा माहाच लहान पडला. त्याची चूक नाई. त्याले म्हणा, गाडी नको सोडू."

सुकरीबाईने आता मान वर केली आणि बाबांकडे सरळ पाहिलं. पुढचं वाक्य तिने जरा रागानेच म्हटलं.

"ती म्हणते, तुमी आलेच नाई. इतके वर्ष तिनं हे सांभाळून ठेवलं. मरणाऱ्याचा निरोप दिल्याशिवाय तिले मरता येत नाई. आता दिला."

बाबा खाली बसले, जमिनीवरच, आणि रडले. मी त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. सुकरीबाईने त्यांना थांबवलं नाही. थोड्या वेळाने तिने टोपली त्यांच्या बाजूला सरकवली. बाबा डोळे पुसत पुसत फुलं निवडू लागले. दोघं तासभर तशीच बसली. वनिताने आम्हाला तांदळाची पेज आणि चिंचेची चटणी दिली.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. चढ उतरतानाही पहिलाच गिअर ठेवा, ब्रेकवर विसंबू नका. इंजिन स्वतःच गाडी धरून ठेवतं. वळणावर बाबांनी लावलेला छोटा गोटा होता तिथेच होता. दुसरा, मोठा, नव्हता. आमच्यानंतर त्या रस्त्याने गाडी आली नाही, असं वनिता म्हणाली होती. मी वेग वाढवला नाही, पहिल्यात वाढतही नाही. पायथ्याशी थांबून आम्ही दोघांनी एकेक गोटा ठेवला. भूत न मानणाऱ्या घरातल्या दोघांनी.

घरी आल्यावर

तिसऱ्या दिवशी आलापल्लीहून निघून दुपारपर्यंत वरोरा, संध्याकाळी नागपूर. नागपूरपासून धरून साडेसहाशेच्या आसपास किलोमीटर झाले. लॉज आणि जेवण दोन्ही स्वस्त, खर्च काय तो पेट्रोलचा.

हे वाचून कोणीतरी विचारेलच की त्या रस्त्यांना किती हॉर्सपॉवरची गाडी लागते. कुठलीही चालेल. पायथ्याशी थांबायची आणि योग्य गिअर आधी टाकायची अक्कल तेवढी लागते. आता मी माझ्या शिकवणीत हे पहिल्याच दिवशी सांगते, आणि सांगताना माझा आवाज चढतो, त्याला इलाज नाही. तिथे काही आहे का, हाही प्रश्न येईल. मला सांगता येत नाही. बाबांना वाचवायला त्या दिवशी गाडीमागे कोणीतरी होतं असं मला वाटतं, आणि हे लिहिताना मला माझीच भीती वाटते.

बाबा शांत झाले असतील, असं मी धरून चालले होते. इतका मोठा निरोप मिळाला, त्याने स्वतः माफ केलं, आणखी काय हवं? पण चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"गोटा लहान नव्हता पोरी."

"कोणता?"

"रैनूनं लावला तो. मी आरशात पाह्यला होता. दोन्ही हातानं उचलून आणत होता, वाकून. परवा आपल्या चाकाखाली होता ना, तेवढाच होता."

"मग तो तसं काऊन म्हणाला?"

"माह्यासाठी म्हणला. मी सुटावं म्हणून." मागे वहिनीच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. "पण ती बाई एकतीस वर्षं समजून राह्यली की तिचा माणूस चुकला. तो चुकला नव्हता. तिले सांगा लागते."

"जाऊ बाबा. पुढच्या महिन्यात जाऊ."

"पुढच्या महिन्यात नाई," ते म्हणाले. "या रविवारी चाल. लय म्हातारी झाली ती."